पहिला लेझर पॉइंटर घेताना : आकाश दाखवायचे, डोळे सांभाळायचे

इंदूरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर, माळव्याच्या पठारावर गौतमपुरा हे छोटे गाव आहे. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने ते वसले. एरवी या गावाची बातमी गोव्यापर्यंत पोहोचण्याचे कारण नाही. पण दिवाळीनंतरच्या पाडव्याला तेथे जे हिंगोट युद्ध होते, त्याची छायाचित्रे देशभरातील वृत्तपत्रांत छापून येतात. हिंगणबेटाचे टणक कवचाचे फळ आतून पोखरून वाळवायचे, त्यात दारू ठासायची, तोंड पिवळ्या मातीने बुजवायचे, नेम सरळ जावा म्हणून बांबूची काडी बांधायची आणि वात पेटवून समोरच्यांवर फेकायचे, असा हा खेळ. एका बाजूला गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’, दुसऱ्या बाजूला शेजारच्या रुणजी गावाचा ‘कलंगी’. आपल्या शाहिरीतील कलगी-तुऱ्याचा सामना डफावर रंगतो, तेथला आगीवर. दरवर्षी माणसे भाजतात. म्हणूनच लढणाऱ्यांच्या हातात ढाल असते, प्रेक्षकांपुढे जाळी असते, बाजूला अग्निशमन दलाचा बंब आणि रुग्णवाहिका उभी असते.

एका दिवाळीत इंदूरच्या मावशीकडे गेलो असताना हा प्रकार पाहिला. मुलांना आम्ही जाळीपासूनही बरेच मागे उभे केले होते. परतताना मावसभावाच्या ओळखीच्या एका शेतावर थांबलो. अमावास्या नुकतीच उलटलेली, आकाश काळेभोर. मावसभावाच्या अकरा वर्षांच्या मुलाने खिशातून काळी नळी काढली आणि कळ दाबली. हिरवी, काठीसारखी सरळ रेघ थेट अभिजितपर्यंत गेली. तेथून श्रवण, मग हंस तारकासमूहातील देनेब. पश्चिमेकडचा तो मोठा त्रिकोण त्याने असा आखून दाखवला की आम्ही सगळेच हरखलो. मग कोणीतरी त्याला हाक मारली, तो वळला, हात खाली आला आणि किरण विहिरीशेजारच्या पाण्याच्या चकचकीत टाकीवर आदळला. क्षणभर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हिरवा लोळ उठला. त्याची धाकटी बहीण टाकीच्या सर्वांत जवळ होती. “माझ्या डोळ्यात हिरवा गोळा बसलाय,” म्हणून ती रडू लागली. दहा-पंधरा मिनिटांनी गोळा विरला. दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी दृष्टिपटल तपासून काही झालेले नाही असे सांगितले, तेव्हा घराने श्वास सोडला.

तासाभरापूर्वी ज्या मुलांना आम्ही हिंगोटापासून जपले, त्यांच्याच हाती ही नळी दिली होती. तिच्यापुढे ना ढाल होती, ना जाळी.

घरी येऊन मी नळी निरखून पाहिली. विक्रीच्या पानावर शक्ती ‘५ मिलिवॅटपेक्षा कमी’ अशी दिलेली. नळीवरच्या पिवळ्या पट्टीवर ‘१००० मिलिवॅटपेक्षा कमी’. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात हे गणिताला मान्य असले, तरी गिऱ्हाइकाने त्यावर विसंबावे असे नाही. मराठीची पदवी घेऊन बातम्यांच्या मथळ्यांशी झुंजणाऱ्या माणसाला मिलिवॅटचा हिशेब शिकावा लागला, तो या पट्टीमुळे. गोव्यात पावसाळा सरला की आकाशदर्शनाचे दिवस सुरू होतात आणि मुलांसाठी ‘तारे दाखवायची बॅटरी’ मागवणारे पालक वाढतात. म्हणून तो हिशेब येथे मांडत आहे.

आधी हे उपकरण नेमके काय करते ते पाहू. आकाशातला एखादा तारा दुसऱ्याला दाखवणे फार अवघड. आपण बोट रोखतो, पण पाहणाऱ्याचा डोळा आपल्या डोळ्याच्या जागी नसतो. लेझरचा किरण ही अडचण दूर करतो, कारण त्याची वाट दिसते. स्वच्छ पोकळीत ती दिसली नसती. हवेतील रेणू, धूळ, बाष्पाचे सूक्ष्म थेंब यांवरून प्रकाश विखुरतो आणि त्यातला थोडासा आपल्याकडे परत येतो, म्हणून रेघ दिसते. ती ताऱ्याला टेकल्यासारखी वाटते, हा मात्र दृष्टीचा खेळ आहे. दिसणारी रेघ वातावरणाच्या खालच्या काही किलोमीटरांतच विरते. याचमुळे दाखवणारा आणि पाहणारे जवळजवळ उभे असावे लागतात. दहा मीटर बाजूला उभ्या असलेल्या माणसाला किलोमीटरभर उंचीवर विरलेली रेघ सुमारे अर्ध्या अंशाने, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाएवढ्या फरकाने, हललेली दिसेल. शाळेच्या मैदानावर शंभर मुले पांगवून लेझरने तारे दाखवण्याचे कार्यक्रम होतात, तेव्हा मागच्या रांगेतली मुले भलताच तारा घोकत घरी जातात!

रेघ दिसण्यासाठी हवेत काहीतरी असावे लागते, ही गोष्ट गोवेकराच्या पथ्यावर पडणारी आहे. आपली हवा दमट, किनाऱ्यावर खारट. थंडीतल्या कोरड्या पठारावर जो किरण फिकट वाटेल, तो आपल्याकडे ठसठशीत दिसतो. थोडक्या शक्तीत आपले भागते.

रंगाचा प्रश्न सोपा आहे : हिरवा. मानवी डोळा हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. उजेडात ही संवेदना ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीपाशी शिखर गाठते, अंधाराला सरावलेल्या डोळ्यात ते शिखर ५०७ नॅनोमीटरकडे सरकते. बाजारातले हिरवे पॉइंटर ५३२ किंवा ५२० नॅनोमीटरचे, म्हणजे दोन्ही शिखरांच्या मधले. सभागृहात वापरतात तो ६५० नॅनोमीटरचा लाल पॉइंटर तेवढ्याच शक्तीचा असला तरी डोळ्याला सुमारे आठपट मंद भासतो; शिवाय लाल प्रकाश हवेत कमी विखुरतो. म्हणून पडद्यावर तो उत्तम दिसतो, आकाशात त्याची रेघ जवळजवळ दिसतच नाही. जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा, मुळीच घेऊ नये. डोळ्याला तो अतिशय मंद भासतो, त्यामुळे डोळा वेळेवर मिटत नाही, आणि इजा मात्र पुरेपूर होते.

आता शक्ती. सगळी गोम येथे आहे. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत दृश्य प्रकाशाचा १ मिलिवॅटपर्यंतचा लेझर दुसऱ्या वर्गात येतो. अचानक डोळ्यात गेला तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि ती सहसा डोळा वाचवते. १ ते ५ मिलिवॅट हा ‘३ आर’ वर्ग. येथे पापणीचा भरवसा कमी होतो, पण सावधपणे वापरल्यास धोका मर्यादित राहतो. ५ ते ५०० मिलिवॅट हा ‘३ बी’ : थेट किरण किंवा आरशासारख्या पृष्ठभागावरून परतलेला किरण पापणी मिटण्याआधीच इजा करू शकतो. ५०० च्या पुढे चौथा वर्ग. त्यात भिंतीवरून विखुरलेला प्रकाशही घातक ठरू शकतो आणि कागद, कपडा पेटू शकतो. तारे दाखवण्यासाठी ‘३ आर’ वर्गातील, ५ मिलिवॅटच्या आतला हिरवा पॉइंटर पुरतो. त्याहून अधिक नको.

यावर दुकानदाराचे ठरलेले उत्तर असते : जास्त शक्ती असली की लांबचे दिसते. ते खरे नाही. शक्ती वीसपट केली म्हणून रेघ वीसपट उजळ दिसत नाही. डोळ्याची जाणीव तशी वाढत नसते, फार तर दोन-तीनपट फरक वाटेल. तारा तेवढाच दूर राहतो. वाढतो तो धोक्याचा पल्ला. ५ मिलिवॅटच्या, साधारण एक मिलिरेडियन फैलाव असलेल्या हिरव्या किरणाने डोळ्याला इजा होण्याची शक्यता सुमारे १६ मीटरपर्यंत धरतात. हे अंतर शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १०० मिलिवॅटला ते ७० मीटरच्या पुढे जाते. अंगणाच्या टोकाला उभा असलेला शेजारी त्या पल्ल्यात येतो.

इजा होते म्हणजे काय, हेही समजून घ्यावे. लेझरचे किरण जवळजवळ समांतर असतात, म्हणून डोळ्याचे भिंग त्यांना दृष्टिपटलावर अगदी बारीक ठिपक्यात एकवटते. अंधारात बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडलेली असते आणि पटलावरचा ठिपका मिलिमीटरच्या काही शतांशांचा. प्रकाशाची तीव्रता लाखपट होते. भिंगाने वाळलेले पान पेटवण्याचा पोरखेळ आपण सगळ्यांनी केला आहे. येथे भिंग आपले आणि पानही आपलेच. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे जळताना काही जाणवत नाही. नंतर जेथे पाहावे तेथेच मधोमध एक डाग किंवा धूसर पट्टा दिसतो, सरळ रेषा वाकड्या भासतात. काही डाग कालांतराने पुसट होतात, काही कायम राहतात. लहान मूल एका डोळ्याने कमी दिसते हे सांगतच नाही, कारण दुसरा डोळा भागवून नेतो.

महाराष्ट्रात मिरवणुकांतील लेझर झोतांमुळे तरुणांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचे नेत्रतज्ज्ञांनी निदर्शनास आणून दिले आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे, कोल्हापूर येथे प्रशासनाने त्या झोतांवर बंदी घातली. ते झोत हातातल्या पॉइंटरपेक्षा कितीतरी बलवान असतात हे खरे. पण माझ्या भाच्याच्या नळीवरची पट्टी खरी मानली, तर ती त्यांच्याच पंगतीत बसायला निघाली होती.

पट्टी खरी असतेच असेही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१३ मध्ये शंभरावर पॉइंटर तपासले, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लाल पॉइंटरांपैकी सुमारे ४४ टक्के तेथील सुरक्षानियमांत बसत नव्हते. त्याच संस्थेने २०१० मध्ये एका स्वस्त हिरव्या पॉइंटरची गोष्ट प्रसिद्ध केली होती : त्याचा हिरवा प्रकाश मंद होता, पण डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश सुमारे २० मिलिवॅट इतका बाहेर पडत होता. कारण असे की ५३२ नॅनोमीटरच्या पॉइंटरात हिरवा प्रकाश थेट तयार होत नाही. आधी ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त किरण एका स्फटिकात सोडतात, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा निघतो, आणि दुसऱ्या स्फटिकात तरंगलांबी निम्मी होऊन हिरवा जन्मतो. उरलेला अवरक्त प्रकाश अडवण्यासाठी टोकाशी एक छोटी गाळणी लागते. स्वस्ताई करणारा कारखाना नेमकी तीच वगळतो. न दिसणाऱ्या प्रकाशाला पापणी मिटत नाही.

म्हणून घेताना काय पाहावे? नळीवर तरंगलांबी, कमाल शक्ती, वर्ग आणि बनवणाऱ्याचे नाव या चारही गोष्टी छापलेल्या असाव्यात आणि विक्रीच्या पानावरील माहितीशी त्या जुळाव्यात. शक्य असेल तर ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा, थेट हिरवा डायोड असलेला घ्यावा. त्यात अवरक्ताची भानगड नसते, आणि थंडीत तो मलूल पडत नाही. ५३२ चा पॉइंटर माळव्यातल्या डिसेंबरच्या रात्री मुठीत धरून ऊब दिल्याशिवाय नीट पेटत नाही. गोव्यात हा त्रास सहसा होत नाही; मात्र सत्तरीत किंवा घाटमाथ्यावर पहाटे अनुभव येऊ शकतो, तेव्हा उपकरण बिघडले असे समजू नये. ५२० च्या किरणाचा ठिपका जरा पसरट असतो. तारे दाखवायला त्याने काही बिघडत नाही.

वीज कोणत्या सेलवर चालते ते पाहणे ही माझ्या मते सर्वांत सोपी परीक्षा. भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्याहून बारीक असे दोन साधे सेल लागणारा, पेनाएवढा पॉइंटर बहुधा माफक शक्तीचा असतो. याउलट अंगठ्याएवढा जाड, चार्ज करण्याचा लिथियम सेल, सोबत चार्जर, शेपटाकडे किल्लीचे कुलूप आणि टोकाला भिंतीवर तारे उधळणारी टोपी असा सरंजाम असेल, तर पट्टीवर काहीही लिहिलेले असो, ते उपकरण मुलाच्या हाती देण्याचे नाही. पाचाच्या आतल्या शक्तीला एवढ्या सेलची गरजच नसते. जाहिरातीत काडी पेटवून किंवा फुगा फोडून दाखवला असेल, तर पुढचे वाचूच नये. कुलूप पाहून पालक निर्धास्त होतात. पण ते उपकरण धोकादायक आहे याचीच ती कबुली आहे. कळ दाबून धरली तरच पेटणारी हवी. एकदा दाबले की चालू राहणारी नको, कारण हातातून निसटलेला पॉइंटर गवतात पडूनही फिरत राहतो.

डोळ्यांइतकाच दुसरा विषय विमानांचा आहे, आणि तो आपल्या राज्याला इतरांपेक्षा अधिक लागू आहे. उण्यापुऱ्या ३,७०२ चौरस किलोमीटरांच्या गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली. दाबोळीत नागरी विमानांबरोबर नौदलाची विमाने आणि हेलिकॉप्टरेही असतात. दोन्हीकडच्या धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम, म्हणजे विमाने समुद्रावरून किंवा सह्याद्रीच्या अंगाने उतरतात. उतरणाऱ्या विमानाचा नेहमीचा उतार सुमारे तीन अंशांचा. त्या हिशेबाने धावपट्टीपासून २० किलोमीटरवर ते जेमतेम एक किलोमीटर उंचीवर असते. आता हे आकडे पाहा : ५ मिलिवॅटचा हिरवा किरण सुमारे ८० मीटरपर्यंत वैमानिकाचे डोळे दिपवून काही काळ आंधळे करू शकतो, ३५० मीटरपर्यंत समोरचे दिसणे अवघड करतो आणि साडेतीन किलोमीटरपर्यंत त्याचे लक्ष विचलित करतो. १०० मिलिवॅटच्या नळीसाठी शेवटचे अंतर १६ किलोमीटरच्या आसपास जाते. किलोमीटरवर गेलेला किरण बोटाएवढा राहत नाही, मीटरभर पसरतो. कॉकपिटच्या काचेवर आदळला की अख्खी काच हिरवी होते. आणि हे घडते ते उतरण्याच्या शेवटच्या मिनिटांत, जेव्हा वैमानिकाचे डोळे बाहेरच्या काळोखाला सरावलेले असतात.

नुसत्या अमेरिकेत २०२३ या एका वर्षात वैमानिकांनी असे १३,३०४ प्रसंग नोंदवले. २००८ मध्ये सिडनीकडे उतरणाऱ्या विमानांवर एकाच वेळी अनेक लेझर रोखले गेले, त्यानंतर ऑस्ट्रेलियाने १ मिलिवॅटवरील पॉइंटरांच्या आयातीवर निर्बंध घातले. आपल्याकडेही विमानतळाच्या परिसरात वैमानिकाला भ्रमित करणारे दिवे लावण्यास १९३७ च्या विमान नियमांनी मनाई केली आणि पुढे त्या ‘दिव्यां’त लेझरही आला. तारे दाखवत होतो, हा बचाव पोलिसांपुढे कितपत चालेल याची परीक्षा कोणी घेऊ नये.

गौतमपुऱ्याच्या शेतावर विमानतळ दूर होता. पेडणे, मुरगाव, सासष्टी येथील वाचकांनी मात्र हातातला पॉइंटर न पेटवणेच बरे. आकाशदर्शनासाठी काळोख हवाच, तर सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या भागात जावे, आणि तेथेही कळ दाबण्याआधी निदान दहा सेकंद आकाशाचा तो भाग निरखून हलणारा दिवा नाही ना, याची खात्री करावी. किनाऱ्यावर एक वेगळीच पंचाईत. जहाजाच्या उजव्या बाजूचा दिवा हिरवा असतो. रात्री मासेमारीला निघालेल्या ट्रॉलरच्या तांडेलाला किनाऱ्यावर नाचणारा हिरवा ठिपका काय सांगेल कोणास ठाऊक. समुद्राच्या क्षितिजाकडे पॉइंटर रोखूच नये.

क्षितिजाचा मुद्दा ध्रुवताऱ्यापाशी येऊन अडतो, कारण मुले सर्वांत आधी तोच मागतात. ध्रुव क्षितिजापासून साधारण त्या ठिकाणच्या अक्षांशाइतक्या अंशांवर दिसतो. गौतमपुऱ्यात तो २३ अंशांवर आहे, पणजीत साडेपंधरांवर, म्हणजे माडांच्या शेंड्यांत. शिवाय कार्तिकातल्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, त्यामुळे त्यांच्यावरून ध्रुव शोधण्याची शाळेतली युक्ती चालत नाही. उत्तरेला इंग्रजी ‘एम’सारखी दिसणारी शर्मिष्ठा शोधावी लागते. इतक्या खाली किरण सोडणे म्हणजे डोंगरावरची घरे, रस्त्यावरच्या गाड्या आणि उतरणारी विमाने यांच्यातून सोडणे. तेथे लेझर बाजूला ठेवून जुनी मोजणी वापरावी. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंशांची असते. गोव्यात उत्तर क्षितिजावर दीड मूठ ठेवली की ध्रुव. दक्षिणेचा अगस्त्यही असाच, पणजीहून फार तर २२ अंश वर येतो. डोक्यावरच्या ताऱ्यांसाठी लेझर, खालच्यांसाठी मूठ, अशी मी वाटणी केली आहे.

वापरताना पॉइंटर एकाच, मोठ्या माणसाच्या हाती राहावा आणि दोरीने मनगटाला बांधलेला असावा. ताऱ्यावर किरण रोखून धरण्यापेक्षा त्याच्याभोवती छोटे वर्तुळ काढावे, तारा स्वच्छ दिसतो. हात खाली आणण्याआधी कळ सुटलेली असावी. आमच्या त्या रात्रीची सगळी चूक या एका क्षणात होती. जवळ गाडीची काच, स्टीलची टाकी, घराची तावदाने असतील तर जागा बदलावी. शेजारी कोणी दुर्बिणीतून पाहत असेल तर किरण मुळीच सोडू नये. ५० मिलिमीटरचे भिंग अंधारातल्या बाहुलीच्या पन्नासपट प्रकाश गोळा करते आणि तो सगळा डोळ्यात उतरवते. घुबडांवर, गुरांवर किरण मारून गंमत पाहणारे लोकही असतात. त्यांच्याविषयी काय लिहावे?

चुकून किरण डोळ्यात गेलाच तर मान वळवावी, डोळा चोळू नये. बॅटरीच्या उजेडाकडे पाहिल्यावर राहतो तसा ठसा काही मिनिटांत विरला पाहिजे. दुसऱ्या दिवशी एकेक डोळा झाकून वहीच्या रेघा पाहाव्यात. रेघ वाकडी, तुटकी किंवा मध्ये पुसलेली दिसली तर दृष्टिपटल तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे, आणि जाताना पॉइंटर सोबत न्यावा. त्याची तरंगलांबी व शक्ती डॉक्टरांना उपयोगी पडते. मूल लहान असेल तर तक्रार नसली तरी तपासून घ्यावे.

हे सगळे वाचून पॉइंटर घ्यावाच का, असा प्रश्न कोणी विचारील. घरात दहा वर्षांखालील मुले असतील तर माझे उत्तर नाही असे आहे. झोत एकवटता येणारी चांगली पांढरी बॅटरी दोन-चार जणांच्या गटाला पुरते. तिचा झोत दमट हवेत बऱ्यापैकी दिसतो. तिच्याकडेही डोळे रोखून पाहू नये, पण लेझरसारखे ती दृष्टिपटलावर सुईच्या अग्राएवढा ठिपका पाडत नाही. मोठ्या मुलांसाठी आधी जाणत्यांबरोबर दोन रात्री काढाव्यात. मराठी माणसाला हौशी आकाशदर्शनाची परंपरा काही कमी नाही : पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे, मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीच्या माळावर रात्री जागवल्या, आणि आपल्या पणजीत पर्सिव्हल नोरोन्हा यांनी उभ्या केलेल्या ‘असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ने जुंता हाऊसच्या गच्चीवर सार्वजनिक वेधशाळा चालवून कित्येक गोवेकरांना शनीची कडी पहिल्यांदा दाखवली. असा एखादा गट गाठला की पॉइंटर कोण धरतो, कधी पेटवतो आणि किती वेळ विझवून ठेवतो हे पाहूनच कळते. विझवून ठेवण्याचा वेळ जास्त असतो.

भाच्याच्या नळीतला लिथियम सेल त्याच रात्री काढून घेतला. नळी मावशीच्या कपाटात आहे. दोन महिन्यांनी त्याने फोन करून सांगितले की त्याच्या गच्चीवरून ध्रुव दोन मुठी आणि वर तीन बोटे भरतो. इंदूरचे अक्षांश २२.७ अंश आहेत. मी नकाशा काढून पाहिले. मोजणी बरोबर होती. लेझर परत कधी मिळणार, हे त्याने त्याच फोनमध्ये दोनदा विचारले.